उजव्या हाताची चाचणी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देते तेवढं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस, की अजूनही "मी काय म्हातारी झाले का?" म्हणून सोडून देतेस? (झालीस. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी जास्त झालीस.) खोकल्याचं औषध बाटली संपेपर्यंत घे.

तुझं पत्र मिळालं. "पैशासाठी डॉक्टरांचा उंदीर झालास म्हणे," असं लिहिलंयस. कोणी सांगितलं ते विचारत नाही. आपल्या घराण्यात कुणाच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक आहे. हो, झालोय, आणि पैशासाठीच झालोय. उजवा हात थरथरायला लागून दीड वर्ष झालं. चहाचा कप मला सांभाळून घेतो, पण मनगटी घड्याळाचा स्क्रू तिळापेक्षा लहान, तो कुठला सांभाळून घ्यायला? दुकान रोज उघडतो, पण नऊ घड्याळं खणात तशीच पडली आहेत आणि गिऱ्हाइकांना मी "पार्ट आला नाही" म्हणून सांगतोय. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नव्हतो, आता रोज बोलतो. त्याचं फार वाईट वाटतं.

अशात हॉस्पिटलच्या लिफ्टशेजारी कागद दिसला: नव्या औषधांच्या चाचणीसाठी रुग्ण हवेत, जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन मिळेल. मला वाटलं, "मी रुग्ण" म्हटलं की झालं. कसलं काय! आधी मधुमेहाच्या रांगेत शिरलो (तिथे बसायला खुर्च्या होत्या), तर साखर चांगली निघाली आणि त्यांनी घरी पाठवलं. मग रक्तदाब. घरी भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा माझा वर जातो, पण तिथली नर्स इतक्या मायेने बोलली की तो खाली आला आणि मी नापास. शेवटी तिनेच माझ्या हाताकडे बघून तिसऱ्या मजल्यावर धाडलं. तिथे कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं (घड्याळातल्या कमानीसारखं हे वेटोळं मी एके काळी डोळे मिटून काढलं असतं, आता त्याच्यावर कोणीतरी पाय दिल्यासारखं दिसत होतं). एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं, ते निम्मं डॉक्टरांच्या बुटावर गेलं, आणि सगळ्यांना फार आनंद झाला. शाळेत कुठल्याच परीक्षेत मी इतका चांगला पास झालो नव्हतो. डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं की गोळी खरी असेल किंवा नुसती पिठाची, ते त्यांनाही कळणार नाही, आणि मला वाटेल तेव्हा सोडून जाता येईल. मी सही केली.

आता माझा गुन्हा. हात किती हलतो हे मोजणारं एक यंत्र त्यांनी माझ्या मनगटाला बांधलं. त्याच्या पाठीला चार स्क्रू होते. ताई, तू मला ओळखतेस. दोन दिवस मी तिकडे बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी उघडलं. आत काय सुबक काम होतं म्हणून सांगू! पण हात थरथरला, एक स्क्रू उडाला, आणि तो चुंबक घेऊन शोधण्यात दोन दिवस गेले (कुठे सापडला? माझ्याच चपलेत). तोवर यंत्र टेबलावर शांत पडून. गुरुवारी हॉस्पिटलात त्यांनी नोंद काढली, तर सलग दोन दिवस हात जराही हलला नव्हता! तीन डॉक्टर धावत आले. एकाने हात हातात घेऊन माझं अभिनंदन केलं. (त्याच्या हातात माझा हात उडत होता, पण आनंदात त्याला ते जाणवलंच नाही.) मला राहवेना. खरं काय ते सांगून टाकलं. आनंद किती पटकन मावळतो ते तेव्हा बघितलं.

तिथे सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या एक बाई आहेत, मी त्यांना वहीवाल्या बाई म्हणतो. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "काका, आता दर गुरुवारी एक सोबती आणा. तुमच्याबद्दल आम्ही त्यालाच विचारणार." आता सोबती कुठून आणू? हिला जाऊन चार वर्षं झाली. जुन्या गिऱ्हाइकांना विचारायची सोय नाही, त्यांना "पार्ट आला नाही" सांगून बसलोय. शेवटी शेजारच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्याला गळ घातली. तो बिचारा स्वच्छ शर्ट घालून आला. बाईंनी विचारलं, "यांचे हात पूर्वी कसे होते?" तो म्हणाला, "पूर्वीचं मला काय माहीत? मी दुकान टाकून दोन महिने झाले. तेव्हापासून असेच हलतात. मला वाटलं, सवय असेल."

बाईंनी वही मिटली. येत्या गुरुवारपर्यंत मला जुना ओळखणारा कोणी आला नाही, तर माझं नाव कमी करावं लागेल, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. असो. नाही जमलं तर नाही जमलं. एवढं मनाला लावून घेणारा मी नाही.

कळावे, लोभ आहेच, ओरडाही चालेल.

तुझा
धाकटा

ता.क. मनाला फार लागलंय.

ता.क. दुसरं: पैशासाठी जातो म्हणून वर लिहिलं ते खोटं. मानधन बसभाड्यात आणि कँटीनच्या चहात संपतं. मला ती नऊ घड्याळं ज्याची त्याला चालू करून द्यायची आहेत, एवढंच.

ता.क. तिसरं: बुधवारी सकाळच्या बसने येशील का? कंडक्टरला खिडकीची जागा सांगून ठेवली आहे. (तू नाही म्हणालीस तर कुणाच्या तरी पिशव्या येतील त्या जागेवर.) माझे हात पूर्वी कसे होते हे आता तुझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. खोटं काही सांगू नकोस. तुझ्या डोळ्यात लोखंडाची कणी गेली होती आणि मी ती माझ्या चिमट्याने काढली, तेवढं सांग. घाई करू नकोस, त्या सगळं लिहून घेतात. मी शेजारीच बसलेला असेन, मलाही एकदा ऐकायचंय. तू रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतंस, आठवतं? त्या दिवशी हलत होतीस ती तू.