सव्वाचारची माशी

१ मे १९६१, सोमवार
सीझन आजपासून. सकाळी डॉ. ऑग्डेनकडे दाढ भरायला गेलो. ते दाताचे डॉक्टर, आणि आमच्या लिंड नदीवरच्या ट्राउट क्लबाचे सेक्रेटरीही तेच. माझ्या तोंडात दोन बोटं आणि एक आरसा असताना म्हणाले, लिप्सकोम, सलग तीन सीझन रजिस्टरमध्ये एकही मासा नाही तर सभासदाची जागा जाते, ठाऊक आहे ना? तुमचे दोन झाले. वेटिंग लिस्टवर सतरा माणसं आहेत. मला बरंच काही बोलायचं होतं. ‘आँ’ एवढंच निघालं. तो त्यांनी होकार समजला.

चिंता नाही. गळाला बांधायच्या खोट्या माश्यांची परिभाषा या क्लबात माझ्याइतकी कुणालाच येत नाही. नव्या सभासदांसाठी शब्दसंग्रह करायचं काम उगाच नाही माझ्याकडे दिलं. ज्याला शब्द येतो त्याला मासाही येतो. आणि हवा आहे एकच मासा. पाच महिन्यांत एक!

२ मे
नदीवर. मासा नाही. वारा उलटा.

नदीकाठच्या आमच्या झोपडीत खुंट्यांची रांग आहे, प्रत्येकीवर पितळी पट्टी. माझ्या पट्टीवर ‘एच. लिप्सकोम’. औषधाचं दुकान विकलं तेव्हा नव्या मालकाने पहिल्याच दिवशी माझी पाटी उतरवली. घराच्या दारावर नुसता आकडा आहे. म्हणजे जगात माझं नाव लिहिलेली जागा आता ही एकच. ती जाऊ द्यायची नाही. मेलो तरी नाही.

बायकोने, विनीने, डब्यात शहाजिऱ्याचा केक दिला होता. एकतीस वर्षं देतेय. दुकानात बाळांच्या पोटदुखीवर शहाजिऱ्याचं पाणी विकायचो. त्या वासाने मला अजून रडकी पोरं आठवतात. केक पुलावरून चुरून टाकला, नेहमीप्रमाणे. घरी विचारलंन, कसा होता? म्हटलं, फर्मास. खूश झाली बिचारी.

२९ मे
मेफ्लाय निघाली! नदीवर माश्यांचे ढग. या दिवसांना इथे ‘बुद्दूंचा पंधरवडा’ म्हणतात, कारण ट्राउट इतके हावरे होतात की बुद्दूलाही मासा मिळतो. माझ्यासारख्या जाणकाराने अशा दिवसांत मासा धरणं तसं कमीपणाचंच. तरी क्लबासाठी धरीन.

१० जून
पंधरवडा संपला. सगळ्यांना मिळाले. डॉ. ऑग्डेनना अकरा. पाद्रीबाबांना सहा, आणि त्यांना एका डोळ्याने दिसत नाही. मला शून्य.

कारण सरळ आहे. मी बुद्दू नाही.

१७ जून, शनिवार
दोष हॅकलचा आहे. हॅकल म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस. ते गळाभोवती गुंडाळलं की माशीला पाय फुटतात आणि ती पाण्यावर तरंगते. बाजारातली पिसं रंगवलेली असतात. मला हवा अस्सल निळसर-राखाडी रंग, आणि असा कोंबडा गावात एकच: आल्फी नेलरचा. आल्फी म्हणजे आमच्या नदीचा रखवालदार. शब्द एक येत नाही, मासे मात्र त्याला नावानिशी ओळखतात.

आल्फी जेवायला बसलेला बघून कुंपणावरून गेलो. दोन पिसं मिळाली. कोंबड्यालाही माझ्या कानाचा थोडा भाग मिळाला. आल्फी दारात उभा राहून घास चावत सगळं बघत होता. म्हणाला, साहेब, मागितली असती तर दिली असती की. मग म्हणाला, तुमच्या माशीच्या अंगावर कपडे फार होतात, मासे बिचारे लाजतात.

अडाण्यांशी बोलण्यात अर्थ नाही. कानाला आयोडिन.

५ जुलै
मोठी बातमी! पुलापासून प्रवाहाच्या दिशेने पन्नास पावलांवर वळण आहे, तिथे अल्डरच्या झाडाखाली एक अवाढव्य ट्राउट राहतो. पोट बघून मी त्याला ‘बिशप’ म्हणतो. दिवसभर ढिम्म. पण दुपारी बरोबर सव्वाचारला वर येऊन गपागप काहीतरी खायला लागतो. आज तिसरा दिवस. चहा आटोपतो, केकची विल्हेवाट लावतो, वळणावर पोचतो, तोवर साहेबांची पंगत सुरू!

म्हणजे सव्वाचारला कुठलीतरी माशी निघते. कुठल्याच पुस्तकात नाही. बाकीचे सभासद त्या वेळी झोपडीत चहा ढोसत असतात, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आली नसावी.

११ जुलै
माशी बघितली! जाळीने पाण्यातून उचलली. देह पिवळट, भुसभुशीत. अंगावर बाकदार काळे ठिपके. पंख दिसत नाहीत, बहुधा गळून पडतात. चिमटीत धरली की विरघळते. इतकी नाजूक जात मी आयुष्यात पाहिली नाही. लॅटिन नाव माझ्या आडनावावरून ठेवावं लागेल. आपण सुचवायचं नाही, लोकच म्हणतील.

आल्फीला विचारलं, सव्वाचारची माशी तुला ठाऊक आहे का? त्याने माझ्याकडे बघितलं, पुलाकडे बघितलं, माझ्या डब्याकडे बघितलं. म्हणाला, साहेब, ती तुमच्याबरोबरच येते आणि तुमच्याबरोबरच जाते. माणूस अशिक्षित, पण मनातून मानतो मला.

२९ जुलै
मासा नाही. शब्दसंग्रह मात्र जोरात. आजचे दोन शब्द:
ड्रॅग: दोरी ओढली गेल्यामुळे माशी पाण्यावर फरफटत जाणं. मासा अशा माशीकडे ढुंकूनही बघत नाही. (माझं बहुतेक वेळा हेच होतं. नदीचा दोष.)
चारा: मासे जमावेत म्हणून पाण्यात खाद्य टाकणं. नीचपणाचा कळस. असं करणाऱ्या सभासदाची जागा त्याच दिवशी काढून घ्यावी, अशी सूचना मी स्वतःहून जोडली. डॉ. ऑग्डेन म्हणाले, लिप्सकोम, हे फार छान लिहिलंय. नियमावलीत घेतलं.

१९ ऑगस्ट
देह कशाचा करायचा? लोकर फार जाड. मोल नावाच्या बिळातल्या प्राण्याची लव फार काळी. कपाट उघडलं तर विनीच्या हिवाळी कोटाची केसाळ कॉलर, अगदी नेमका पिवळट रंग! मागच्या बाजूने जरासं कापलं. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पुढून. आता मध्येच थोडं उरलंय. हिवाळ्याला अजून अवकाश आहे.

केस मेण लावलेल्या धाग्यावर पिळून देह केला. चिमट्यात गळ धरून चार तासांत सात माश्या बांधल्या. बिशपने सातही नाकारल्या. एकीकडे तर त्याने इतक्या तुच्छतेने बघितलं की मीच ओशाळलो.

२६ ऑगस्ट
विनी आठवडाभर बहिणीकडे. जेवणाचे हाल. आणि नेमकी याच आठवड्यात सव्वाचारची माशी एकदाही निघाली नाही! बिशप सव्वाचारला वर येऊन पुलाकडे तोंड करून वाट बघतो आणि परत जातो. मीही वाट बघतो आणि परत जातो. टीप: ही जात हवेतल्या दाबाला फार संवेदनशील असावी.

२८ ऑगस्ट
विनी परतली. माशीही परतली. दाब सुधारला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
पंधरा दिवस उरले. झोपडीत गेलो तर डॉ. ऑग्डेन एका तरण्याबांड वकिलाला खुंट्या दाखवत होते. वकिलाने माझ्या खुंटीला हात लावून बघितला. हलते का ते!

पुलावर जाऊन बसलो. रडलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. साठीच्या माणसाला एक मासा मिळू नये? देवा, छोटा दे. आजारी दे. म्हातारा दे. पण दे रे बाबा!

केक टाकला. बिशपने गपागप खाल्लं. म्हणजे माश्या.

२४ सप्टेंबर
चर्चला गेलो नाही. आजवर बांधलेल्या माश्या मोजल्या: एकशे बारा. विनीने कॉलर बघितली. म्हणाली, कसर लागली वाटतं. मी म्हटलं, यंदा कसर फार आहे. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, ह्यूबर्ट, नाही मिळाला तर नाही मिळाला, तू घरी बस, मी आहे ना. असं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

२९ सप्टेंबर
शेवटचा प्रयोग. हॅकल काढून टाकलं. पंख काढले, शेपटी काढली. उरला पिवळा गोळा, त्यावर काळ्या धाग्याचे बाकदार ठिपके. आयुष्यभराच्या अभ्यासाला लाज आणणारी वस्तू. पण हुबेहूब!

३० सप्टेंबर, शनिवार, दुपारी ४.४०
मिळाला!!! ४.१७ ला! पहिल्याच फेकीत! अक्षर बघ कसं वाकडंतिकडं! बिशप माझ्या पायाशी पडलाय. साडेतीन पौंड! रजिस्टरमध्ये लिहून आलो, दोनदा अधोरेखित केलं. पाच वाजता झोपडीत सीझनअखेरचा चहा आहे, सगळे येणार, विनीसुद्धा येणार. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला तिने दिलेला चांदीचा लांब चमचा आज पहिल्यांदा वापरणार. तो माशाच्या घशातून आत घालायचा, पोटातलं बशीत काढायचं, की त्याने शेवटचं काय खाल्लं ते कळतं. माझी माशी सगळ्यांसमोर सिद्ध करतो. भाषण तयार आहे. वीस मिनिटं.

१ ऑक्टोबर, रविवार
काल.

भाषण नीट झालं. सगळे गोळा झाले होते. डॉ. ऑग्डेन म्हणाले, शाबास लिप्सकोम. वकिलानेही टाळ्या वाजवल्या. मी पांढरी बशी मागवली, चमचा घातला, फिरवला, काढला. म्हटलं, सभ्य गृहस्थहो, विज्ञानाला आजवर अज्ञात असलेली माशी.

बशीत पिवळा लगदा. त्यात काळे बाकदार दाणे.

डॉ. ऑग्डेननी वास घेतला. पाद्रीबाबांनी चांगला डोळा जवळ आणला. आल्फी नेलर टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता. विनी समोरच उभी होती, हातात केकचं ताट, मला मासा मिळाल्याचं कळल्यावर धावत घरी जाऊन आणलेलं. तिने ताट खाली ठेवलं. बशीतला एक दाणा बोटावर घेतला, हुंगला. म्हणाली, ह्यूबर्ट, हे शहाजिरे आहेत.

मग म्हणाली, रोज?

मी म्हटलं, रोज नाही. आल्फी हळूच म्हणाला, रविवारी नाही.

डॉ. ऑग्डेननी नियमावली काढून ‘चारा’ची व्याख्या वाचली. आवाज फार चांगला आहे त्यांचा. ‘नीचपणाचा कळस’ला जरा थांबले. माझीच वाक्यं, एकही शब्द बदलता येईना. रजिस्टरमधली ओळ खोडली, अधोरेखांसकट. वकिलाने खिशातून आपली पितळी पट्टी काढली. बरोबरच घेऊन आला होता.

सभासदांनी केक संपवला. दोघांनी तिला कृती विचारली. तिने सांगितलीही, माझ्याकडे न बघता.

९ ऑक्टोबर
नऊ दिवस घरात. विनी बोलते, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. भट्टी बंद. ठराव: तिला नवी कॉलर आणायची. ठराव: माफी मागायची. सकाळी सुरुवात केली, शब्दच सापडेना.

दुपारी सवयीने भूक लागली. कोठीतला डबा उघडला. तळाशी एक तुकडा, झोपडीतल्या त्या चहाच्या आदल्या दिवशी मला डब्यात द्यायला म्हणून कापलेला, वाळून खडंग झालेला. उभ्यानेच खाल्ला. चावून, सावकाश. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर आजच.

उत्तम आहे. लिंबाची साल घालते ती. लोणी भरपूर. बाळांचा वास कुठेच नाही. बिशप उगाच नव्हता पुलाकडे तोंड करून बसत.

झाकणाचा आवाज ऐकून बाहेरून विचारलंन, कसा आहे?

म्हटलं, फर्मास.

तिचा विश्वास बसला नाही.