गुडघ्याइतकी उंची

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५, सुरत

माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ शशी नौदलातून पाणबुड्या म्हणून निवृत्त झाला, तरी दीवच्या समुद्रात बुड्या मारणं सोडत नाही. आमच्या घरचा मत्स्यावतारच तो. पण कंबर दुखावल्यापासून हवेच्या टाक्या गाडीत चढवताना त्याला घाम फुटतो. जमेल अशी गाडी मिळाली नाही, तर समुद्र सोडतो म्हणाला. हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला.

म्हणून बमरोलीत जुना टेम्पो मी पाहून ठेवला. आणि विचारलं काय, तर कापडाचे ताके किती मावतात! वीस वर्षं गिरणीत काढल्यावर दुसरं काय सुचणार? टेम्पोची मागची फळी माझ्या छातीला लागते. हमालाला पाठीवरचा गठ्ठा सरकवायला ती सोयीचीच.

आज मंदाला घेऊन मी त्या टेम्पोपाशी गेलो, शशी रिक्षातून दोन टाक्या घेऊन तिथेच आला. एक गुडघ्यापर्यंत उचलली आणि थांबला.

"दाजी, ताके धुवायला नेताय का समुद्रात?"

शेजारी एक बुटकी व्हॅन उभी होती, मी नाक मुरडलेली. मंदानं तिचं मागचं दार उघडलं. तळ बरोबर गुडघ्याला! शशीनं टाकी काठावर टेकवली, आत ढकलली. मग दुसरी. एकट्यानं.

"अहो गाडीपंडित, तुम्ही कुठे बसणार?" मंदा म्हणाली.

टाक्यांच्या मधे. मला पोहता येत नाही, पण दीवपर्यंत त्या घट्ट धरून बसता येईल.