माझ्याच ट्रकखाली

३ मार्च, सोमवार

मुलाचा फोन. विचारणं नाही, थेट निकाल! "आई, रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. ट्रक सहा महिने जागचा हललेला नाही, विकून टाकू. मग घराला कुलूप लावा आणि दोघंही माझ्याकडे या. मागची खोली रिकामीच आहे."

मागची खोली! मोडक्या खुर्च्या आणि नातवाची जुनी सायकल ठेवतात ती.

म्हटलं, ट्रक चालू झाला तर? हसला. "चालू झाला तर नाही विकत. झालं समाधान?"

झालं. तारीख घालून लिहून ठेवते, कारण तो सोयीस्कर विसरतो.

ट्रक माझा आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतून घेतलेला, कागदावर माझं नाव. लायसन्ससुद्धा काढलं — त्या वयात, हट्टाने. पण चावी कायम ह्यांच्या खिशात. मी जवळ गेले की, "तू लांब हो, साडीला डाग पडेल." ह्यांना पक्षाघात झाला तेव्हा चावी माझ्याकडे आली, तीही नर्सच्या हातून, घड्याळ आणि कवळीबरोबर.

४ मार्च, मंगळवार

मेकॅनिक आला. उपकारच केले! माझाच विद्यार्थी. सातवीत इंग्रजीत मी त्याला दोनदा नापास केलं होतं, ते विसरलेला नाही. नवी बॅटरी बसवली आणि म्हणाला, "बाई, इंजिनचं तेल बदलल्याशिवाय सुरू करायचं नाही हं. डांबर झालं असेल त्याचं."

मग बदल ना!

"आठवडाभर मान वर करायला फुरसत नाही. साहेब असते तर अर्ध्या तासात उरकलं असतं त्यांनी."

म्हटलं, साहेब आहेत. आतल्या खोलीत आहेत. तेव्हा त्याने जीभ चावली.

"मीच बदलते," म्हटलं. तर म्हणतो, "बाई, हे तुमचं काम नव्हे."

संध्याकाळी तेलाचा डबा आणि पाना घेऊन आले.

५ मार्च, बुधवार

ट्रकचं पुस्तक सापडलं. इंग्रजीत. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीने हात लाल करून शिकवलेलं इंग्रजी अजून गंजलेलं नाही. मेकॅनिकने बसावं बरं माझ्यासमोर हे वाचायला! फक्त चित्राचं पान उंदरांनी खाल्लंय. असू दे. वाचता येणाऱ्याला चित्र कशाला?

ह्यांच्या खाटेपाशी बसून मराठीत करून वाचलं. आजारानंतर ह्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय — "पुढे." पाणी हवं तरी पुढे, उशी सरकली तरी पुढे.

"गाडी सपाट जागी उभी करावी."

"पुढे."

"खालच्या बाजूचं बूच काढून जुनं तेल भांड्यात पडू द्यावं."

"पुढे! पुढे!" डावा हात खाटेवर आपटत.

माझं डोकंच फिरलं. वर्गात मी हेच करायची — मुलगी धडा वाचतेय, मी तिच्याकडे न बघता, पुढे! पण मला पगार मिळायचा. ह्यांनी जन्मभर हुकूम सोडले. आता एक शब्द शिल्लक आहे, तोही हुकूमच!

६ मार्च, गुरुवार

आज ट्रकखाली गेले. जाणं सोपं. उताणं पडून वर बघणं, खडे पाठीत, डोळ्यांत माती, हे निवृत्तांचं काम नव्हे. बूच दिसलं. पाना लावला, निसटला, बोटाची सालं निघाली. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. सिस्टरांनी ऐकलं असतं तर जन्मभर बाकावर उभं केलं असतं, असे शब्द तोंडातून निघाले. कुठे शिकले कोण जाणे.

आणि वर ह्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून सारखं, "पुढे! पुढे!"

"हो हो, पुढेच चाललंय!" खालून ओरडले. थांबेनात. शेवटी बाहेर सरपटले, खिडकी लावून घेतली, परत खाली.

पाऊण तासाने बूच सुटलं. तेल निम्मं परातीत, निम्मं माझ्या बाहीवर. डांबर कसलं! मधासारखं घट्ट आणि स्वच्छ. वास तेवढा कुजका. ह्यांनी गाडी नीट ठेवली होती, एवढं म्हणावंच लागेल. त्यांना मात्र सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

वरून नवं तेल ओतलं. मोजायच्या काठीवर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर. म्हटलं, कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.

चावी फिरवली. सुरू झाला! माझा ट्रक, माझ्या हाताने!

मग धूर. निळा, दाट, अख्खं अंगण भरून. इंजिन धापा टाकायला लागलं. बंद केलं.

जेवले नाही. ह्यांना भरवलं. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

८ मार्च, शनिवार

नाक मुठीत धरून मेकॅनिककडे गेले. आला, ट्रकखाली शिरला आणि खालूनच हसायला लागला.

"बाई, पुस्तक नीट वाचलंत ना?"

अपमान गिळला.

"तुम्ही गिअरबॉक्स रिकामा केलात. इंजिनमधलं जुनं तेल जसंच्या तसं आहे, त्यावर तुम्ही नवं ओतलंत. डबल झालं! इंजिनचं बूच हे नव्हे. ते तिथे, हातभर पुढे."

पुढे.

मी वर खिडकीकडे बघत राहिले. त्याला वाटलं चक्कर आली, पाणी आणू का म्हणाला.

"गिअर टाकून चालवला नाहीत ना? मग वाचलात. आता इंजिन रिकामं करून दोन्हींत नव्याने भरायचं. डबे पाठवतो. मी सोमवारी येतो."

सोमवारी येऊन काय करतोस.

दोन दिवस ते मला जागा सांगत होते. आणि मी खिडकी लावली.

९ मार्च, रविवार

मुलगा दहाला आला, गिऱ्हाईकासकट. मला ट्रकखालून फक्त बुटांचे दोन जोड दिसले आणि त्यांच्याशेजारी ह्यांच्या खुर्चीचं चाक.

"आई! बाबांना उन्हात कशाला आणून बसवलंस?"

"कामावर आहेत ते," मी खालून म्हटलं. "मध्ये बोलू नकोस. मला त्यांचं ऐकू येत नाही."