होल्डवर ठेवलेलं मागचं दार

३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२:१०

घडलं ते क्रमाने:

१. ११:४० ला बॉइड लॅसिटर सरांचा फोन. ते गायिका टॅन्सी हॉलोवेचे निर्माते. टॅन्सीचं पोस्टर नॅशव्हिलच्या विमानतळावर आहे.
२. ड्यूईकाका आणि मी मिळून लिहिलेलं ‘मागचं दार उघडंच आहे’ टॅन्सीने होल्डवर घेतलं. म्हणजे तिचा निर्णय होईपर्यंत ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.
३. तिच्या अल्बममध्ये दहा गाणी. नऊ झाली. जागा एक.
४. मी “हो सर” म्हणाले. एकदा. फोन ठेवल्यावर आणखी पाचदा.
५. नाडी ११८. कारण कॉफी.

हुरळण्यासारखं काही नाही. फक्त नोंद.

५ सप्टेंबर, गुरुवार

ड्यूईकाकांना बिस्किटं, म्हणजे इकडचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही खाऊ घातली. चाळीस वर्षं गाणी लिहितात. त्यातली दोन रेडिओवर लागली. म्हणाले, पोरी, होल्ड म्हणजे चर्चच्या बाकावर ठेवलेली हॅट. हॅट दिसली म्हणून माणूस येऊन बसेलच असं नाही. माझ्या एका गाण्यावर अकरा महिने हॅट होती, मग हॅटवाला दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन बसला.

एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, इंजिनीअरीणबाई, ग्रेव्ही वाढा.

संकल्प: आजपासून मी गीतकार. दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवणं बंद. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमधली सकाळी दहा ते दोनची पाळी सोडली. तिथे लग्नाआधीची मजा करायला आलेल्या मुली माझ्या पेडल स्टीलवर बिअरचे ग्लास ठेवतात. चार पायांचं, आडवं, तारा लावलेलं, पायाने पेडल दाबत वाजवायचं वाद्य. त्यांना ते इस्त्रीचं टेबल वाटतं.

पुरस्काराचं भाषण लिहिलं. ४७ सेकंद. मर्यादा ४५. आईचं नाव काढलं, बरोबर बसलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

ओपल लेडफर्ड नावाच्या मुलीचं पत्र. केंटकीत, तळलेल्या माशांच्या एका हॉटेलात दर शनिवारी गाते. कुणीतरी तिला आमच्या गाण्याची कच्ची प्रत ऐकवली. लिहिते की दुसऱ्या कडव्यात ती बाई ताटावर ताट झाकून शेगडीवर ठेवते, तिथे मला गाडी रस्त्याकडेला घ्यावी लागली. गाणं मला गाऊ द्याल का? आणि ती बाई कोण?

उत्तर पाठवलं: गाणं उपलब्ध नाही. वसंतात रेडिओवर ऐकता येईल. बाई काल्पनिक आहे.

सहीखाली ‘गीतकार’ लिहिलं. अगदी सहज.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बॉइड सरांकडून सूचना. टॅन्सीला गाणं फार आवडतं, फक्त ‘मागचं दार’ जरा जुनाट वाटतं. त्याऐवजी पिकअप ट्रकचा मागचा फाळका केला तर?

सूचना आल्या म्हणजे काम पुढे सरकतं आहे. चाळीस मिनिटांत बदल केला. ‘फाळका उघडाच आहे.’ चालीत बसतं. झाकलेल्या ताटाच्या जागी आता बर्फाच्या पेटीतली बिअर.

ड्यूईकाकांना वाचून दाखवलं. म्हणाले, उद्या त्या बाईच्या जागी लॅब्रडॉर मागतील, तयारीत राहा.

घरी येऊन शक्यता तपासली. लॅब्रडॉर बसतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आईचा फोन. म्हणाली, लोर्ना, दिवसभर रेडिओ लावून बसते, शेजारीण वैतागली, तुझं गाणं कधी लागणार ते एकदा सांग. तिला प्रक्रिया पाच टप्प्यांत समजावली. ती म्हणाली, बरं बाळा, जेवलीस का? इकडे कधी येतेस? कितीही उशीर झाला तरी मागचं दार ढकल, उघडंच असतं.

तिला म्हणाले, चोऱ्या वाढल्यात, कुलूप लाव.

पुरस्कारासाठी निळा ड्रेस घेतला. घट्ट आहे. त्यात बसून पेडल दाबता येत नाहीत. मुद्दाम तसा घेतला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

संकल्पाला एक अपवाद. बॉइड सरांचा नेहमीचा स्टीलवादक बोटीतून उतरताना मनगटावर पडला. आज दहा ते एक त्याच्या जागी याल का, असं त्यांनी विचारलं. परिस्थिती आतून पाहता येईल, म्हणून गेले.

स्टँडवर कागद. आमच्याकडे स्वर लिहीत नाहीत, आकडे लिहितात: १, ४, ५, १. वर नाव: ‘डॅशबोर्डवर दोन कप’. गाणं सामान्य. बॉइड सर म्हणाले की दहाव्या जागेसाठी दोनच उरलीत, हे आणि तुमचं.

निष्कर्ष: आमचं ठरलेलं आहे. हे फक्त तुलनेसाठी.

गाण्याची सुरुवात रिकामी वाटत होती. मी सुचवलं की इथे चार मात्रा-गट स्टीलला दिले तर बरं होईल. सर म्हणाले, मग वाजवा की बाई, वाट कुणाची बघताय? मी पेडल अर्धंच दाबलं. सूर चढता चढता मध्येच थांबतो आणि पोचत नाही. टॅन्सी काचेच्या खोलीतून मोज्यांवरच धावत आली, डोळे पुसत. म्हणाली, कोण गं तू? कुठे होतीस इतके दिवस? पुन्हा वाजव!

नऊ वेळा वाजवलं. नववं सर्वांत चांगलं. नाडी १२६. कॉफी घेतली नव्हती.

प्रतिस्पर्ध्याच्या गाण्यालाही न्याय द्यावा. आता टॅन्सी मला ओळखते. आमच्या गाण्याची शक्यता ९० टक्क्यांवरून ९७ वर.

९ ऑक्टोबर, बुधवार

ड्यूईकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे मी खूप पाहिले, पण पेडलवर पाय ठेवून सुरात मारून घेणारी तू पहिलीच. मग इतके हसले की वेट्रेस पाणी घेऊन आली. पाणी पिऊन म्हणाले, वाईट एवढंच वाटतं की तू वाजवलंही सुंदरच असणार.

तांत्रिक बाबी त्यांना समजत नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आठ दिवस फोन नाही. मोठे निर्णय शांतपणे घेतले जातात. शक्यता ९८.

फोन चालू आहे का ते तपासण्यासाठी स्वतःला दुसऱ्या फोनवरून चार वेळा फोन केला. चालू आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९:०५

घडलं ते क्रमाने:

१. बॉइड सरांचा फोन.
२. दहावं गाणं: ‘डॅशबोर्डवर दोन कप’.
३. ते म्हणाले, दोन्ही अगदी तोडीस तोड होती बाई, पण त्या सुरुवातीने निकाल लावला. टॅन्सी झोपेतसुद्धा तीच गुणगुणते.
४. आमच्या गाण्यावरचा होल्ड सुटला.
५. दौऱ्यावरच्या वादकाला ती सुरुवात जमत नाही. कोणतं पेडल किती दाबायचं ते लिहून द्याल का?
६. मी “हो सर” म्हणाले. एकदा.

नाडी मोजली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पेडलचं लिहून पाठवलं. चौदा ओळी. बारमधली पाळी परत मागितली, मिळाली. पहिल्याच तासात स्टीलवर दोन ग्लास.

ड्यूईकाका येऊन ऐकत बसले. जाताना एवढंच म्हणाले की पोरी, तो फाळका काढ आता.

काढला. चाळीस मिनिटं नाही लागली. मग खालचं पत्र पाठवलं. प्रत ठेवते आहे.

ओपल,

गाणं मोकळं झालं आहे. मूळ प्रत सोबत जोडली आहे. दार आणि झाकलेलं ताट जागेवर आहेत. मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती बाई काल्पनिक नाही, माझी आई आहे. तुमच्या हॉटेलापासून तिचं घर चाळीस मैलांवर आहे. तू शनिवारी हे गाणं गाणार असशील आणि स्टील वाजवायला कुणी नसेल, तर मी येते. मागे बसेन. गाणार आहेस की नाही, ते शुक्रवार, २५ ऑक्टोबरपर्यंत कृपया कळव.

लोर्ना टॅकेट