अळणी नेम

घाटकोपर,
६ मे १९८४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. हे लिहितानाच हसू आलं, कारण मी बरी आहे म्हटलं की हल्ली कुणाचा विश्वास बसत नाही. परवा नळावर शेजारच्या सुंदराबाईच्या थट्टेला जरा मोठ्याने हसले, तर तीच चपापली आणि यांना जिन्यात गाठून विचारलं, वहिनी गोळ्या घेतात ना? गप्प बसले तरी तेच विचारतात. तू वेड्यांच्या वॉर्डातली नर्स, तेव्हा किती हसायचं नि किती गप्प बसायचं याचं माप तूच पाठव बाई.

त्यांचंही चूक नाही म्हणा. गेल्या वर्षी माझी झोप उडाली तेव्हा शकुला शाळेतून काढून मी थेट खारदांडा गाठला आणि मंगळसूत्र विसार देऊन होडी घ्यायला निघाले. तिथली होडीवाली कोळीण भली. तिने ते पुन्हा माझ्या गळ्यात घातलं आणि आम्हां मायलेकींना स्टेशनवर पोचवलं. त्यानंतर कित्येक महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. सासूबाई शकुला कणकवलीला घेऊन गेल्या त्या गेल्याच. जूनमध्ये शाळा उघडताना सून धड दिसली तरच पोर पाठवीन, असं त्यांनी यांना बजावलंय.

हे दुसऱ्या पाळीला गेले की घर खायला उठतं. शकुचा फ्रॉक धुते, वाळवते, घडी घालते; तो मळलेला नसतोच. ती घरी यावी म्हणून गणपतीला नवस बोलून एक नेम धरला आहे. कसला ते सांगणार नाही, सांगितलं की फळत नाही.

तुझ्या मायेवर जगणारी,
मालन

रत्नागिरी,
११ मे १९८४

चि. सौ. मालनला अ. उ. आशीर्वाद.

हसण्याचं माप माझ्याकडे नाही. तू माप झोपेचं ठेव. रात्री झोप लागते, हातातलं काम पुरं होतं, तर खुशाल खिदळ. झोपच नकोशी झाली आणि होडी आठवू लागली, तर मात्र लगेच कळव.

या आजाराच्या तऱ्हा पुष्कळ. कुणाला तुझ्यासारखी पुरती भरती येते. कुणाची इतकी हलकी असते की घरचे म्हणतात, बाई काय उत्साही. आणि मग ओहोटी मात्र संपता संपत नाही. कुणाला दोन्ही एकदमच, रडतातही आणि पायही थांबत नाहीत. आमचे डॉक्टर हल्ली त्याला बायपोलर म्हणतात. नाव काही का असेना, तो आजार आहे, तुझा स्वभाव नव्हे. लिथियमची गोळी चुकवू नकोस आणि रक्त वेळेवर तपासून घे.

मीही क्वार्टरमध्ये एकटीच जेवते. रेडिओ समोर ठेवते, म्हणजे कुणीतरी बोलतं. नेम धर, पण उपाशी राहू नकोस गं.

आहे तशीच माया ठेव.
वनमाला

घाटकोपर,
२९ मे १९८४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून रागावू नकोस, हात फार कापतो. उलट्या होतात, जुलाबही. यांना सांगितलंय की ऊन बाधलं. काल नळावरून येताना झोकांडी गेली आणि हंडा सांडला. परत सुरू झालं वाटतं, असं सुंदराबाई म्हणालीच. आक्का, या वेळी डोकं शांत आहे गं, पायच ऐकत नाहीत. शकुची शप्पथ, एकही गोळी चुकवलेली नाही.

पेजसुद्धा उतरत नाही, त्यात ती अळणी. आता सांगूनच टाकते. गणपतीपर्यंत मीठ खाणार नाही, असा नेम आहे माझा. सासूबाईंना काही कळू देऊ नकोस, नाहीतर शकु येत नाही.

लोभ असू दे.
मालन

घाटकोपर,
५ जून १९८४

ती. वनमालाताईंस,
सा. न. वि. वि.

गोळी बंद करा, आजच इस्पितळात न्या, ही तुमची तार मिळाली तसं मालनला टॅक्सीत घालून नेलं. रक्तात औषध फार चढलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन लावलं. आता माणसं ओळखते, नीट बोलते. पण शुद्धीवर येताच तिने विचारलं की सलाइनमध्ये मीठ असतं का. नर्स हो म्हणाली, तशी भिंतीकडे वळून रडली. नेम मोडला, आता शकु येणार नाही, हेच धरून बसलीय.

पाळीमुळे आम्ही एकत्र जेवतच नाही. तिच्या पानात मीठ नाही हे मला कळलंच नाही. आईला कसं सांगू? तुम्हीच काय ते बोला.

आपला,
काशीराम

रत्नागिरी,
१३ जून १९८४

चि. सौ. मालनला अ. उ. आशीर्वाद.

वेडे, अंगात मीठ कमी पडलं की शरीर ती गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. त्यात मे महिन्याचा घाम. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढीच गोळी पुन्हा घे. रोजचं मीठ, पोटभर पाणी. पुन्हा उलट्या झाल्या तर आधी डॉक्टर गाठ.

रजा काढून मी कणकवलीला गेले होते. तुझ्या सासूबाईंना, सोनूबाईंना, सगळं सांगितलं, होडीपासून सलाइनपर्यंत. त्या सुपारी कातरत होत्या. शेवटी नेम कधीपर्यंतचा, एवढंच विचारलं. गणपतीपर्यंतचा, म्हटलं. त्या उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. शकुने मला पाणी दिलं. उंच झालीय पोर. परतताना एस.टी.त फार वाईट वाटलं.

लोभ असावा, आमटीत मीठही असावं.
वनमाला

घाटकोपर,
२५ जून १९८४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शकु आली. सासूबाईंनीच निरोप धाडला आणि हे जाऊन तिला घेऊन आले. फ्रॉक तिला आखूड झालाय.

रात्री पानं घेतली, मी मीठ वाढलं. तेव्हा शकु सहज म्हणाली की आजी हल्ली मीठच खात नाही. का म्हणून विचारलं, तर आजीने सांगितलं म्हणे, तुझ्या आईचा नेम अर्धा राहिलाय, तो मी गणपतीपर्यंत पुरा करते.

आक्का, त्या आता तिकडे एकट्याच बसून अळणी जेवत असतील. मला रडू आवरेना. शकुचा हात पानातच थांबला. तिने हळूच विचारलं की आई, परत सुरू झालं का. मी सांगितलं, नाही गं, हे नुसतं रडणं आहे. मग तिने माझ्या पानातलं मीठ बोटाने माझ्याकडे सरकवलं.

तुझीच,
मालन