गावाच्या नावाची कॉफी

आबा,

आज सकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात मी कॉफी केली. तुमच्या वेळी जिथे चूल होती तिथे आता गॅसचा ओटा आहे, पण खिडकी तीच आहे आणि खिडकीतून दिसणारा मळाही तोच. दादाने यंदा तिथे वांगी आणि मेथी लावली आहे. आफ्रिकेतून आणलेलं पाकीट मी फोडलं, भाजलेल्या बिया मिक्सरमध्ये जाडसर फिरवल्या, गरम पाणी ओतून झाकून ठेवल्या आणि कॉफी गाळून सगळ्यांना दिली. केनवडच्या बाजारात तुमच्या शेजारी कांदे घेऊन बसायचे ते काकाही काठी टेकत आले होते. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर टाक ना वं पोरी. एवढ्या दूरून आणली अन् साखरेची कंजूषी काहून करून राह्यली?" सगळे हसले. मीही हसले आणि त्यांच्या कपात चांगली भरपूर साखर घातली. दादा तोवर पाकिटावरची अक्षरं वाचत होता. "हे कंपनीचं नाव हाये का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, हे एका गावाचं नाव आहे. मग दुपारी सगळे मळ्यात गेले आणि मी वही घेऊन बसले, कारण त्या गावाची गोष्ट तुम्हालाच सांगायची राहिली आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी कर्नाटकातल्या डोंगरात कॉफीची चव घ्यायचं काम शिकत होते. अकोल्याला शेतकीचं शिक्षण झालं, आणि बाकीच्या पोरी बँकेच्या परीक्षा देत असताना मी हे काम धरलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पाटाच्या पाण्यात पाय धूत होतात. वर पाहून म्हणालात, "चाखाचा बी पगार भेटते?" मी हो म्हटल्यावर तुम्ही बराच वेळ हसलात, आणि पुढच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, "आमची पोरगी कॉफी चाखते," असं भाजी तोलता तोलता सांगितलंत. डोंगरात थंडी असते हे कुणीतरी सांगितलं म्हणून रिसोडहून एक स्वेटर आणलात, मोहरीच्या फुलांसारखा पिवळाजर्द. पहिल्या सुट्टीत मी तिकडची कॉफी करून दिली, तेव्हा तुम्ही बशीत ओतून फुरका मारलात आणि म्हणालात, "जयून काळ्या पडलेल्या फुटाण्यावानी लागते वं." पण बशी रिकामी केलीत. त्यानंतर एका हंगामाच्या आतच तुम्ही गेलात, आणि पुढचं काहीच तुमच्यापर्यंत पोचलं नाही.

पुढे मी टांझानियाला गेले, आबा. तिथे एक मोठा एकटा डोंगर आहे, माथ्यावर बर्फ आणि उतारावर केळीच्या बागा. केळीच्या सावलीत कॉफीची झाडं. घरोघरी थोडी थोडी, आपल्याकडे बांधावर तूर लावतात तशी. जूनमध्ये, जेव्हा तुम्ही इथे घामाने निथळत वाफे तयार करायचात, तेव्हा तिथे अशी गारठ्याची झड लागते की तो पिवळा स्वेटर मी विटेपर्यंत वापरला. भाषेची भीती होती, पण पहिल्याच आठवड्यात कळलं की तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, हिशोबाला 'हेसाबु' आणि दुनियेला 'दुनिया'च. कॉफीला 'कहावा' म्हणतात, म्हणजे आपला कहवाच. अरबांच्या गलबतांनी शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरवले होते. कारंज्याच्या बाजारात उर्दू मिसळून बोलणाऱ्या माणसांमध्ये वावरत असल्यासारखं मला तिथे वाटायला लागलं.

तुम्हाला गोष्टी आवडायच्या, म्हणून कॉफीचीही सांगते. ती मूळची इथिओपियाच्या रानातली. तिथले लोक सांगतात की एका गुराख्याच्या शेळ्या लाल फळं खाऊन उड्या मारायला लागल्या आणि माणसाला तिचा पत्ता लागला. खरं-खोटं कुणास ठाऊक. तिथून ती समुद्र ओलांडून येमेनला गेली. तिथले फकीर रात्री जागून नामस्मरण करायला ती उकळून प्यायचे. हजहून परतणाऱ्या एका फकिराने तिच्या थोड्या बिया लपवून कर्नाटकातल्या डोंगरात आणल्या, असं तिकडे मळ्यांत सगळेच सांगतात. गोऱ्यांनी ती जहाजांतून बेटाबेटांवर नेली. आणि गंमत पाहा, टांझानियाचा हा डोंगर इथिओपियापासून फार लांब नाही, तरी तिथे कॉफी पोचली ती समुद्राचा मोठा फेरा मारून, पाद्र्यांच्या हातून. त्याच देशात पार पश्चिमेला, मोठ्या तळ्याच्या काठी, लोक फार आधीपासून कॉफीची फळं उकळून, वाळवून चघळत. घरी पाहुणा आला की आपण सुपारी पुढे करतो तशी ते कॉफी पुढे करत. डोंगरावर मात्र गोऱ्या मळेवाल्यांना वाटायचं की काळ्या माणसाने कॉफी लावू नये. म्हणे त्यांच्या झाडांवरून रोग पसरेल. डोंगरातल्या लोकांनी ऐकलं नाही. त्यांनी झाडं लावली आणि स्वतःचा संघ काढून माल विकला. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा त्यांच्याशी काही संबंध नसताना मला अभिमान वाटला होता.

पण मी गेले तोवर त्यांची कॉफी निनावी झाली होती. दहा गावांची एकत्र व्हायची, दुसऱ्या देशात आणखी कशात तरी मिसळायची, आणि पिणाऱ्याला ती कुठल्या उतारावरची आहे याचा पत्ताही नसायचा. मी ज्या निर्यातदाराकडे काम करत होते त्याच्या टेबलावर एका गावाचा नमुना वारंवार वेगळा लागायचा, जिभेवर आधी संत्र्याच्या सालीसारखा आणि मग गुळाच्या काकवीसारखा. मी मालकाच्या मागे लागले की हे गाव वेगळं ठेवू, पोत्यावर त्याचंच नाव छापू. तो भला माणूस होता, पण सावध. खूप दिवसांनी हो म्हणाला. परदेशातल्या एका खरेदीदाराला नमुना आवडला. तागाची पोती छापून आली. ती गावात नेली तेव्हा लोक पोत्यावरच्या आपल्या गावाच्या नावावरून हात फिरवत होते.

त्या गावाच्या शेतकरी गटाची प्रमुख एक वयस्क बाई होती. तिथे आईला 'मामा' म्हणतात आणि मोठ्या बाईला मानानेही तेच म्हणतात. सुरुवातीला मला आपल्या मानोऱ्याच्या मामांची आठवण येऊन हसू यायचं. ही मामा मला 'बिंती' म्हणायची, म्हणजे लेक. आयुष्यभर कॉफी पिकवलेल्या त्या बाईने कॉफी कधी प्यायलेली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती आमच्यासाठी नसते, बिंती. ती जहाजासाठी असते."

आणि त्याच हंगामात घोटाळा झाला. कॉफीचं लाल फळ सोललं की बी चिकट असते. ती हौदात आंबवतात आणि वेळेवर खळखळून धुतात. गावाच्या वरच्या वस्तीचा पाण्याचा पाइप फुटला, धुणं लांबलं आणि तिथला माल जास्त आंबला. वाळल्यावर तो इतरांसारखाच दिसत होता, स्वच्छ आणि एकसारखा. माल जहाजावर चढण्याआधीच्या शेवटच्या तपासणीत मी वरच्या वस्तीच्या मालाचा चमचा तोंडाला लावला आणि घशापर्यंत आंबूस वास गेला. मालकाला सांगितलं. तो डोकं धरून बसला. म्हणाला, "बाकीचा माल इतका चांगला आहे की त्यात हा विरून जाईल. कंटेनर अर्धवट गेला तर खरेदीदार सगळंच नाकारेल. मग गावाच्या नावाचं काय?" आबा, तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही तीच भीती होती.

त्या दिवशी मला केनवडचा बाजार आठवला. तुम्ही मेथीचे दोन ढीग लावले होते. शेजारी कांद्याचे काका सांगत होते की पाणी मारून एकत्र कर, झालं. पण तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "हे कालची, हे आजची." मी तुमच्या मागे पोत्यावर बसले होते. मी कंटाळून विचारलं, "आबा, काहून सांगता? कोणाले समजणार हाये?" तुम्ही वळून पाहिलंत. तुमचा आवाज चढला नव्हता, पण मी पोत्यावर सरळ बसले. "मले समजते ना," म्हणालात. बस, तेवढंच. मालकाला मी तेच म्हटलं, त्याच्या भाषेत. मला समजलंय ना. आता मी तपासणीच्या कागदावर सही कशी करू? तो म्हणाला, "ठीक आहे. पण गावाला तू सांगायचं."

मी गावात गेले, केळीखाली टेबल मांडलं आणि एका वाडग्यात बाकी गावाची आणि दुसऱ्यात वरच्या वस्तीची कॉफी केली. वरच्या वस्तीतली माणसं चिडली होती. एक जण म्हणाला, "आम्ही काय कमी राबलो? पाइप आम्ही फोडला का?" मामाचं घरही त्याच वस्तीत होतं, तिचाही माल त्याच ढिगात होता. ती पुढे आली. आधी दोन्ही वाडग्यांतलं चाखून म्हणाली, "दोन्ही कडू!" आणि सगळे हसले. मी म्हटलं, थांब, फुरका मारून पी, मोठ्याने. आबा, माझ्या लहानपणी ज्या फुरक्यावरून माय तुम्हाला टोकायची, तो मी त्या डोंगरावर शिकवत होते. मामाने पुन्हा चाखलं, मग पुन्हा. हळूहळू तिचं तोंड गंभीर झालं. पहिल्या वाडग्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही गोड आहे. मला माहीत नव्हतं, आम्ही असलं पिकवतो." मग दुसऱ्यावर ठेवून म्हणाली, "आणि ही केळ्यांची आमची दारू नासते तशी." मग चिडलेल्या माणसाला तिने वाडगा दिला. तो प्यायला, थुंकला आणि खाली बसला. "आमची काढा," मामा म्हणाली. "पण पुढच्या हंगामाआधी पाइप सगळ्या गावाने मिळून घालायचा." खालच्या वस्तीतल्यांनी तिथेच हो म्हटलं. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की गाडीत मी वऱ्हाडीत मोठमोठ्याने बडबडत होते आणि ड्रायव्हर मला काय झालं म्हणून पाहत होता.

खरेदीदाराला खरं तेच कळवलं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मालक माझ्याशी बोलायचा, पण डोळे टेलिफोनकडे असायचे. मग निरोप आला, असेल तेवढा पाठवा आणि पुढच्या वर्षीही आधी आम्हालाच विचारा. पुढच्या वर्षी पाइप नवा होता आणि पोत्यांत दोन्ही वस्त्यांचा माल होता. तेव्हापासून त्या गावाचं नाव कुणी पुसलेलं नाही. मागच्या हंगामात परदेशी खरेदीदार शहरात जमले होते, आणि मी हट्टाने मामाला बोलावून घेतलं. ती नवा कांगा नेसून आली, म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड. उभी राहून स्वाहिलीत म्हणाली, "ही आमची कॉफी आहे. ही मी पिते." टेबलाभोवतीच्या माणसांनी आधी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यासाठी ते इंग्रजीत सांगताना माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला. मला तो आवरावासाही वाटला नाही.

आज मी त्याच मालकाच्या कंपनीत चव घेणाऱ्यांची प्रमुख आहे. डोंगरावरच्या दोन पोरींना मी हे काम शिकवलं आहे, आणि त्यांतली एक आता माझ्या चुका काढते. पुढच्या आठवड्यात मी परत जाईन. काका विचारत होते, "तिकडंच राहाचं हाये काय आता?" मी म्हटलं, काम आहे तोवर.

हे कुठे पाठवणार? दादाला वाचायला देईन असं लिहिताना वाटत होतं, पण नाही देणार. वहीची ही पानं माझ्या बॅगेत जातील. आणि एक कबूल करते, आबा. तुम्ही असता तर यातलं मी काहीच लिहिलं नसतं. आपल्या घरात स्वतःबद्दल एवढं कोण बोलतं? मी फोनवर म्हटलं असतं, "बरं चाललंय आबा," तुम्ही म्हणाला असता, "जेवली काय वं?" आणि मला तेवढं पुरलं असतं.