पाय बांधावा की मोकळा सोडावा

कोल्हापूर,
गुरुवार, १५ जानेवारी २००४

चि. अभिराम यास,

आशीर्वाद. (आजवर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ असे लिहीत आलो, मंगळवारच्या तुझ्या फोननंतर विशेषणे तूर्त राखून ठेवली आहेत.) पुण्यात तुझी प्रकृती चांगली असेल आणि घसा तर विशेष चांगला असेल, असे गृहीत धरतो. इकडे तुझ्या आईची, म्हणजे माईची, कंबर ठीक आहे. माझी कशी आहे, ते ओघाने येईल.

प्रस्तुत पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: येत्या रविवारी शाहूवाडीच्या डोंगरात होणाऱ्या सायकल शर्यतीत तुझ्या मुलीने साधी, सपाट पेडले वापरावीत, तू कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेला असताना आणलेली, बुटाच्या तळाला खटक्याने अडकणारी पेडले वापरू नयेत. फोनवर हे सिद्ध करता आले नाही, कारण माझ्या दुसऱ्याच विधानाला तू मला तोडतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येते. परंतु माईने तुला तसे वाढवलेले नाही.

वादाचे स्वरूप प्रथम नीट मांडतो. तुझे म्हणणे असे, की पाय पेडलला जखडलेला असला म्हणजे चढावर खालून वरही ओढता येते आणि दगडगोट्यांत पाय निसटत नाही. सबब ‘पाय अडकवून चालवणार असेल तरच शर्यत, नाहीतर घरी बस’. सईचे म्हणणे असे, की ओढ्यात चाक घसरले तर पाय तत्काळ खाली टेकता आला पाहिजे. सबब ‘पाय मोकळा असेल तरच जाईन’. दिवाळीपासून पोर रोज पन्हाळ्याची चढण चढते आहे, आणि तुम्ही दोघे आपापल्या जागी हटून बसल्यामुळे शर्यतच बुडण्याची वेळ आली. अखेर ती म्हणाली, “आजोबा सांगतील तसं.” सबंध हयात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली, परंतु वर्गात माझा निष्कर्ष कोणी आपण होऊन विचारल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे हा विश्वास मी हलका मानीत नाही. पहिला नियम तू लहानपणी माझ्याकडूनच शिकलास: पाय एक तर बांधलेला असतो, नाही तर मोकळा, तिसरा पर्याय नाही. तेव्हा एक खोडले, की दुसरे आपोआप सिद्ध होते. खोडण्यासाठी प्रयोग हवा आणि प्रयोगासाठी पाय हवा. तू आणलेले बूट सईला दोन बोटे मोठे होतात (तिच्या पायाचा कागदावर काढलेला आकार घेऊन जा, असे माईने तुला बजावले होते). मला मात्र ते अगदी नेमके बसले. पाय सोडवण्याची रीत सई मला सांगू लागली होती. परंतु आधी निरीक्षण, मग स्पष्टीकरण, असे सांगून मी तिला थांबवले.

काल बुधवारी सकाळी तुझी पेडले बसवलेली तिची सायकल घेऊन निघालो. शाहूपुरीपर्यंत बांधलेल्या पायांविरुद्ध काहीही पुरावा मिळाला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. तेथे चनबसाप्पांच्या गुळाच्या अडतीपुढे (तुला लहानपणी ढेपेचा कोपरा फोडून देत, तेच) त्यांना नमस्कार करावा म्हणून थांबलो. थांबण्याची क्रिया पूर्ण झाली, उतरण्याची झाली नाही. आणि या दोहोंच्या मधल्या अवकाशात मी डाव्या अंगावर, सावकाश आणि पूर्ण शुद्धीत, आडवा झालो. नमस्कारासाठी वर गेलेला हात शेवटपर्यंत वरच होता.

“येन्री, काय ओ मास्तर,” चनबसाप्पा गादीवरूनच म्हणाले, “आधी उतरायचं, मग पडायचं की.”

पिराजी हमाल वाकून माझे बूट पाहत होता. तो म्हणाला, “मालक, ह्येंचं पाय बांधल्यात की ओ सायकलीला.”

“मास्तरासारखा माणूस उगंच पाय बांधून घेतोय व्हय?” चनबसाप्पा त्याला म्हणाले. “नवस असंल. हात लावू नगासा, पाय सुटला तर पाप लागंल.”

हे अनुमान मी पडल्या पडल्याच तपासले. शहाणा माणूस कारणावाचून पाय बांधीत नाही. मास्तर शहाणे आहेत. मास्तरांनी पाय बांधले आहेत. सबब काहीतरी कारण आहे. येथवर दोष नाही, आणि दुसरे विधान तर मला खोडवेना. तेवढ्यात हमालांनी मला सायकलीसकट उचलले, पालखीतला देव सरळ करावा तसे सरळ केले, आणि “जावा फुडं, पाय टेकू देत न्हाई आम्ही,” असे म्हणून मागून ढकलले.

आता माझी स्थिती लक्षात घे. थांबलो तर पडणार. पडलो तर हे लोक पुन्हा उचलून लावून देणार. तेव्हा न थांबणे हाच एकमेव सुसंगत मार्ग होता. ज्या रस्त्याला वळणे आणि चौक कमी, तो धरला. आणि तो बिद्रीला जातो. चनबसाप्पा आपल्या एम-एटी दुचाकीवरून माझ्या मागे, हॉर्न वाजवीत, “वाट द्या, नवसाचा माणूस हाय,” असे ओरडत येत होते. मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत ‘नवस नाही, नवस नाही’ असे सांगत गेलो. परंतु चालत्या सायकलीवरून एकाहून अधिक विधानांचा युक्तिवाद करता येत नाही (दुसऱ्या विधानापर्यंत श्रोता मागे पडतो). आणि नवस बोलून दाखवायचा नसतो असा आपल्याकडे समज असल्यामुळे, माझा प्रत्येक नकार हा लोकांनी होकाराचाच पुरावा धरला. कळंब्याजवळ अंबूबाई नावाच्या एका बाईंनी (नाव मला कळले, कारण त्यांनी ‘अंबूबाईच्या पोराला नोकरी लागू दे म्हणून सांगा’ असे बजावले) माझ्या बांधलेल्या पायांवर घागरभर पाणी ओतले. पुढे हँडलला हार आला, कपाळाला गुलाल आला, आणि सदऱ्यात नारळ आले. बांधलेल्या पायाने चढावर ताकद वाया जात नाही, असे तू म्हणतोस. जात नाही. परंतु त्या ताकदीने माणूस कोठे जातो, हा प्रश्न तुझ्या मांडणीत मुळातच नाही.

बिद्रीला साखर कारखान्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका ट्रॉलीचा दोर हाती लागला, तो मी धरला. थांबूनही न पडण्याची ही त्या दिवसातली पहिली वेळ. दुर्दैवाने रांग पुढे सरकली, आणि ट्रॉलीबरोबर मी वजनकाट्यावर आलो.

“ओ पावणं, उतरा की खाली,” काट्यावरचा माणूस म्हणाला. “ऊस सोडून दुसरं कायबी घेत न्हाई आम्ही.”

“उतरत न्हाईत ते,” मागून चनबसाप्पा म्हणाले. “तसंच मोजा. देवाचा माणूस हाय, वजनात काय ठेवलंय?”

दोघांच्याही विधानांत दोष होता, परंतु चनबसाप्पांचा अधिक गंभीर होता. तो दाखवून देण्यासाठी मी उजवीकडे पूर्ण वळलो. आणि त्याच क्षणी डाव्या पायाशी खट असा आवाज होऊन पाय सुटला व जमिनीवर आला. जमलेल्या लोकांनी हळहळून “अर्रर्र” केले. मी म्हणालो, “पाहा, सुटला.” चनबसाप्पा म्हणाले, “कोण बघितलं न्हाई मास्तर, काळजी करू नगासा.” आणि दोघा ट्रॅक्टरवाल्यांनी माझा पाय अदबीने उचलून, पेडलवर ठेवून, वरून दाबून पुन्हा खटकन बसवला. परतीचा प्रवास टेम्पोतून, सायकलीवर ताठ बसलेल्या स्थितीत झाला. दारात आल्यावर माईने चनबसाप्पांना एवढेच विचारले, “ह्यांना सायकलीवरनं काढायचंय की असंच ठेवायचंय?”

निष्कर्ष: तुझे पेडल पाय केव्हा सोडील हे पाय ठरवीत नाही, प्रसंग ठरवतो, आणि ओढ्यात घसरलेल्या मुलीला, तिच्याशी कोणी चुकीचा वाद घालीपर्यंत थांबता येत नाही. सबब मोकळा पाय सिद्ध. पत्र मिळताच तुझा होकार फोनवर एका शब्दात कळवावा. पोरीने मला शब्द दिला आहे, मी तिला दिला आहे. तो आता तुझ्या हाती आहे.

तुझा,
बाबा

ता. क. (सोमवार): हे पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशातच राहिले, आज धुण्याच्या वेळी माईने नारळाच्या शेंडीसह बाहेर काढले. त्यामुळे तुझा होकार आला नाही, यात तुझा दोष नाही. शर्यत काल झाली. आरंभरेषेवर सईची सायकल पाहिली, तर उजवीकडे तुझे खटक्याचे पेडल आणि डावीकडे माझे सपाट. उजव्या पायात माझा बूट, त्यात माईचे लोकरी मोजे कोंबलेले, आणि डाव्या पायात तिचा रोजचा कॅनव्हासचा. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “उजवा पाय बाबांचा, डावा आजोबांचा. आता दोघांनी गप्प बसायचं.” ओढ्यात चाक घसरले तेव्हा तिने माझा पाय टेकला. पुढच्या चढावर तुझ्या पायाने वर ओढले. दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलीची पेडले कोणती होती, हे मी मुद्दाम पाहिले नाही. चनबसाप्पा शेजारी उभे होते, म्हणाले, “मास्तर, ही पोरगी तुमच्या पुस्तकात बसत न्हाई की.”

ता. क. २: टाच बाहेरच्या बाजूस वळवली की पाय सुटतो, असे सईने आता सांगितले. काटेकोरपणे पाहता हे तिने बुधवारीही सांगितले असते. उजवा बूट ती परत देत नाही. तेव्हा माझ्या मापाचा संपूर्ण जोड आणि तशीच पेडले लवकरात लवकर पाठवावीत. चनबसाप्पांनी बिद्रीपर्यंत ‘मास्तरांचे नवसाचे पाच बुधवार आहेत’ असे सांगून ठेवले आहे. अंबूबाई घागर भरून उभ्या राहतील, आणि त्यांच्या मुलाला नोकरीसाठी बोलावणे आल्याचे समजते. शिवाय कळंब्याच्या पुढचा चढ अडकवलेल्या पायांनी फार सुरेख चढतो. याचा मूळ सिद्धांताशी संबंध जोडू नये.

ता. क. ३: एक चूक मान्य करतो, आणि खाली सही करतो, म्हणजे फोनवर पुन्हा विचारायला नको. पाय एक तर बांधलेला असतो नाही तर मोकळा, तिसरा पर्याय नाही, असा निर्णय देताना माणसाला पाय दोन असतात, हे मी विचारात घेतले नव्हते.

(सही)
नृसिंह केशव बावडेकर